थांबलेल्या हृदयाचं काम कोण करणार?

गटात एकीनं विचारलं होतं, हृदय उघडून ऑपरेशन करतात, तर तेवढा वेळ माणूस जगतो कसा? डॉक्टरांचंही घोडं इथंच अडलं होतं. रक्त फिरायचं थांबलं की काही मिनिटांतच मेंदूला इजा होते. एवढ्यात टाके घालणार कधी?

अमेरिकेत डॉ. जॉन गिबन यांनी यंत्र करायला घेतलं. शरीरातलं काळपट रक्त नळीनं बाहेर घ्यायचं, त्यात प्राणवायू मिसळायचा आणि पंपानं परत आत सोडायचं. मांजरांवरच्या प्रयोगांत त्यांची बायको मेरी बरोबरीनं राबली. तिचं नाव कोण घेतं? ६ मे १९५३ ला या यंत्राच्या आधारानं अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयाचं छिद्र बुजवलं. ती जगली. पण यंत्र सगळ्यांना जमेना. १९५४ ला डॉ. लिलेहाय यांनी एका बाळाचं रक्त ऑपरेशन होईस्तोवर त्याच्या बापाच्या अंगातून फिरवलं. बापच यंत्र झाला!

पुढं हे तंत्र आपल्याकडंही आलं. परळचं के.ई.एम. म्हणजे मुंबई महापालिकेचं, गोरगरिबांचं हॉस्पिटल. तिथं डॉ. पी. के. सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी कुत्र्यांवर सराव केला. फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यांनी रेल्वेतून पडून दगावलेल्या तरुणीचं हृदय एका शेतकऱ्याला बसवलं. केपटाऊनला जगातलं पहिलं हृदय बदललं, त्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. शेतकरी मात्र काही तासांतच गेला.

मेंदू मृत झाला की माणूस मृत धरून अवयव घेता येतील, असा कायदा आपल्याकडं १९९४ ला झाला. त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी बसवलेलं हृदय टिकलं.