खोबऱ्याच्या वाट्या आणि लाकडी हातबॉम्ब

परवा पहाटेची फ्लाइट होती. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकचा अंदाज बांधणं कुठल्याही अल्गोरिदमच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून बॅग रात्रीच भरायला घेतली. आईने नेहमीप्रमाणे सुक्या खोबऱ्याच्या चार वाट्या पुढे केल्या.

"आई, हे विमानात चालत नाही गं."

"का? खोबऱ्याने काय विमान पाडणार आहेस?"

तर मंडळी, सुकं खोबरं तेलकट असतं, साठवणीत आपोआप तापून पेटू शकतं. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत त्याला चक्क १३६३ हा नंबर आहे! आईला ते पटलं नाही. पण बाकीचे नियम कुठून आले, हा किडा माझ्या डोक्यात शिरला.

तशी आमच्या खाडीला तपासणी नवी नाही. पोर्तुगीजांच्या काळात अरबी समुद्रातल्या जहाजांना त्यांचा 'कार्ताझ' नावाचा परवाना लागायचा. नसला तर माल जप्त. आपला बोर्डिंग पास त्यामानाने बराच सौम्य म्हणायचा. असो.

विमानांची गोष्ट मात्र ३० जानेवारी १९७१ पासून सुरू होते. श्रीनगरहून जम्मूला निघालेलं 'गंगा' हे फोकर विमान दोन तरुणांनी लाहोरला पळवलं. हातात काय, तर खेळण्यातलं पिस्तूल आणि लाकडी हातबॉम्ब! भाच्याचं प्लास्टिकचं पिस्तूल केबिन बॅगेत का चालत नाही, ते इथे कळलं. प्रवासी सुटले, विमान मात्र जाळलं गेलं. पुढे १९७६ मध्ये दिल्लीहून मुंबईला येणारं विमानही लाहोरला पळवलं गेलं. त्यानंतर पांडे समिती नेमली गेली आणि १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षेसाठी वेगळा कक्ष निघाला. २३ जून १९८५ ला 'कनिष्क'मध्ये बॉम्ब फुटला, ३२९ माणसं गेली. तो बॉम्ब चेक-इन बॅगेत होता आणि त्या बॅगेचा मालक विमानात चढलाच नव्हता. हे वाचल्यावर, एखादा प्रवासी आला नाही म्हणून त्याची बॅग शोधून खाली उतरवतात तेव्हा मी चडफडणं बंद केलंय. हा सुरक्षा कक्ष १९८७ मध्ये स्वतंत्र खातं झाला.

मग कंदहार, डिसेंबर १९९९. २००० पासून विमानतळांवर सीआयएसएफचे जवान आले. १०० मिलिलिटरचा नियम ऑगस्ट २००६ मध्ये लंडनला उघडकीला आलेल्या कटानंतरचा. द्रव स्फोटकं शीतपेयांच्या बाटल्यांतून न्यायचा बेत होता. लोणच्याच्या बरणीचा त्यात काहीही हात नव्हता, पण तेल ते तेलच!

लॅपटॉप बाहेर काढायचं कारण मात्र निव्वळ इंजिनियरिंग. साध्या एक्स-रेत सगळं एकाच सपाट चित्रात येतं, आणि दाट बॅटरीच्या मागचं दिसत नाही. पॉवर बँकेचं उलटं आहे, ती चेक-इनमध्ये टाकायचीच नाही. लिथियम पेटलं तर सामानाच्या कप्प्यात विझवायला जाणार कोण? माझी २०,००० एमएएचची म्हणजे ७४ वॉट-तास, मर्यादा १०० ची. पास!

शेवटी लॅपटॉप सगळ्यात वर, चार्जर आणि पॉवर बँक एका पाउचमध्ये, बेल्ट आणि नाणी आधीच जॅकेटच्या खिशात, लोणचं चेक-इनमध्ये. ट्रेपाशी पुरता मिनिटही लागला नाही.

खोबरं घरीच राहिलं. आईने त्याची चटणी करून ठेवलीय, परत आल्यावर खायला.