चूक रुग्णाची की यंत्राची? टॅब्लेट, ज्येष्ठ रुग्ण आणि एका चाचणीचा इतिहास

१/९
रुग्णालयात नोंदणीच्या वेळी सत्तरीच्या आजींच्या हाती टॅब्लेट येतो. त्या बोट टेकवतात, काहीच घडत नाही. पुन्हा टेकवतात, तर भलताच पर्याय निवडला जातो. "मला नाही हो यातलं जमत," असे म्हणत त्या टॅब्लेट नातवाकडे देतात. दोष नेमका कोणाचा, हे तपासण्याच्या पद्धतींचा इतिहास साठ वर्षांचा आहे.

२/९
अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात डॉ. वॉर्नर स्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लिंक' या संगणकावर रुग्णांना ॲलर्जीविषयी थेट प्रश्न विचारणारी प्रणाली उभारली. तिचा वृत्तान्त १९६६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाने पडद्यावरील प्रश्न वाचायचा आणि कळ दाबून उत्तर द्यायचे, अशी तिची रचना होती.

३/९
उत्तराचे पर्याय चार होते : होय, नाही, माहीत नाही आणि समजले नाही. यातील चौथा पर्याय विशेष महत्त्वाचा. प्रश्न कळला नाही, हे रुग्णाला न ओशाळता सांगता येत होते आणि पुढे समजावून सांगण्याची जबाबदारी यंत्राकडे जात होती.

४/९
यंत्राशी बोलण्याचा आणखी एक लाभ १९७७ मध्ये ग्लासगो येथील अभ्यासातून पुढे आला. मद्यपानाशी निगडित आजारांच्या रुग्णांनी मनोविकारतज्ज्ञांना सांगितले त्याहून अधिक मद्यपान संगणकापाशी कबूल केले. माणसासमोर जड जाणारी गोष्ट पडद्यासमोर सांगणे सोपे गेले.

५/९
पण यंत्र वापरायला सोपे आहे की नाही, हे मोजायचे कसे? अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी १९८० मध्ये, काम करताना मनातले विचार मोठ्याने बोलायला लावण्याच्या पद्धतीला शास्त्रीय बैठक दिली. संगणकक्षेत्राने ती उचलली. वापरणारा कुठे अडखळतो, एवढेच नव्हे तर का अडखळतो, हेही आता ऐकू येऊ लागले.

६/९
१९८६ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन ब्रुक यांनी दहा विधानांची एक छोटी प्रश्नावली रचली. प्रत्येक विधानाशी आपण किती सहमत, हे पाच पायऱ्यांवर सांगायचे. त्यातून ० ते १०० असा गुणांक निघतो. गुण मिळतात ते प्रणालीला, माणसाला नव्हे. आरोग्यक्षेत्रातील उपकरणांसाठी ही प्रश्नावली आजही सर्रास वापरली जाते.

७/९
१९९८ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने 'वापरसुलभता' या शब्दाची व्याख्या केली : ठरावीक वापरकर्ते, ठरावीक उद्दिष्टे आणि ठरावीक परिस्थिती यांच्या संदर्भात साधणारी परिणामकारकता, कार्यक्षमता व समाधान. म्हणजे तिशीतल्या अभियंत्याला सोपे वाटलेले यंत्र आजींनाही सोपे असेल, असे गृहीत धरता येत नाही.

८/९
एप्रिल २०१० मध्ये आयपॅड बाजारात आला आणि टॅब्लेट रुग्णालयांत पोहोचला. माऊस गेला, पण नव्या अडचणी आल्या. असे पडदे बोटाच्या विद्युतवाहकतेवर चालतात. वयोमानाने कोरडी पडलेली त्वचा त्यांना नीट जाणवतेच असे नाही. कापरे बोट दोनदा टेकते. सावकाश दाबलेले बोट 'दाबून धरले' असे समजले जाते. फिकट राखाडी अक्षरे मोतीबिंदूच्या डोळ्यांना दिसत नाहीत. यांपैकी एकही उणीव बुद्धीची नाही.

९/९
म्हणूनच चांगल्या चाचणीच्या आरंभी सांगितले जाते : "परीक्षा तुमची नाही, या यंत्राची आहे." तरीही अनेक ज्येष्ठ स्वतःलाच दोष देतात आणि यंत्राला भिडेखातर चांगले गुण देतात. त्यामुळे प्रश्नावलीच्या जोडीला प्रत्यक्ष निरीक्षण लागते. नातवाने भरलेल्या अर्जात औषधांची नावे अचूक असतीलही. पण लघवीवर ताबा राहत नाही, रात्र रात्र रडू येते, गोळ्या परवडत नाहीत म्हणून अर्ध्याच घेतल्या जातात, हे आजी त्याच्यादेखत सांगतील का? टॅब्लेट त्यांच्या हातून सुटतो, तेव्हा ही उत्तरेही डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाहीत.