पुण्याची लस, लंडनचे दार

सप्टेंबर २०२१ मध्ये इंग्लंडने परदेशी प्रवाशांसाठी नवे नियम जाहीर केले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोविशिल्ड भारतात दोनदा टोचून घेतलेला प्रवासी त्यांनुसार ‘लस न घेतलेला’ ठरत होता. त्याच्या वाट्याला १० दिवसांचे विलगीकरण. वास्तविक याच सीरमच्या ५० लाख मात्रा त्याच मार्चमध्ये ब्रिटनने आपल्या नागरिकांसाठी नेल्या होत्या! आक्षेप उठताच २२ सप्टेंबरला लशीला मान्यता मिळाली, भारतीय प्रमाणपत्राला मात्र नाही. म्हणजे औषध खरे, कागद संशयास्पद. ४ ऑक्टोबरला नियम अंमलात आले, आणि त्याच दिवसापासून भारतानेही ब्रिटिश प्रवाशांवर १० दिवसांचेच विलगीकरण लादले. ११ ऑक्टोबरपासून लंडनने भारतीय प्रमाणपत्र स्वीकारले. १३ ऑक्टोबरला दिल्लीने आपले निर्बंध मागे घेतले.