अफझलखानाची फौज नेमकी किती? आवृत्तीगणिक बदलणारा शत्रू

१/ सन १६५९. विजापूरचा मातब्बर सरदार अफझलखान वाईस तळ देऊन होता. वाई आणि भोर यांच्यामध्ये केवळ एक डोंगररांग. त्याच्या फौजेचा आकडा आज कुणी १० हजार सांगतो, कुणी १२ हजार, तर कुणी थेट ४० हजार. प्रसंग एकच, मग आकडे इतके निरनिराळे का? #धागा

२/ प्रथम एक आधुनिक उदाहरण पाहू. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये अतिवृद्ध लाल ड्रॅगनला जास्तीत जास्त ८८ हिट पॉइंट, म्हणजे मार सोसण्याची ताकद, होती. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तोच ड्रॅगन ५४६ वर पोहोचला!

३/ ड्रॅगन तोच. बदलले ते नायक. खेळाडूंचे बळ वाढले, नियम बदलले, तेव्हा राक्षसही त्या मानाने वाढवावा लागला. मात्र तेथे प्रत्येक पुस्तकावर आवृत्ती छापलेली असते, म्हणून तुलना सोपी. इतिहासाच्या साधनांनाही अशी ‘आवृत्ती’ असते. ती म्हणजे लेखनाचा काळ. तो पाहिल्यावाचून आकडा उचलू नये.

४/ पहिली आवृत्ती, १६५९. त्याच वर्षीच्या इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रात खानाची फौज घोडदळ व पायदळ मिळून १० हजार दिली आहे. लिहिणारे व्यापारी होते. त्यांना ना खानाचा गौरव करायचा होता, ना महाराजांचा. पण तेही ऐकीव माहितीवरच लिहीत होते, हे विसरता कामा नये.

५/ दुसरी आवृत्ती, १६९७. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे कृष्णाजी अनंत सभासद याने बखर लिहिली. तीत आकडा येतो १२ हजार, आणि तोही स्वारांचा! म्हणजे वखारीच्या पत्रातील १० हजारांत पायदळ धरलेले, तर येथे नुसते घोडदळच त्याहून अधिक. मधल्या काळात सुमारे ३८ वर्षे लोटली होती.

६/ तिसरी आवृत्ती, १८२६. साताऱ्यास रेसिडेंट राहिलेला ग्रँट डफ ५ हजार घोडदळ आणि ७ हजार निवडक पायदळ सांगतो. बेरीज पुन्हा १२ हजारच! आकडा तोच दिसतो, पण त्याच्या पोटातील माणसे बदलली आहेत. म्हणून ‘किती?’ या प्रश्नापाठोपाठ ‘कोण कोण धरून?’ हेही विचारावे लागते.

७/ पुढे व्याख्याने आणि पोस्ट यांतून ३०-४० हजारांची फौज व सात फूट उंचीचा खान सर्रास भेटतो. ही उंची कोणी, केव्हा मोजली, हे सांगणारा मात्र भेटत नाही. वाढवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. शत्रू मोठा केला की विजय मोठा होतो, अशी त्यांची भाबडी समजूत असते.

८/ प्रत्यक्षात अशा आकड्यांमुळे खरा पराक्रमच झाकला जातो. जावळीच्या दाट रानात घोडदळाचा वेग निरुपयोगी ठरतो. महाराज राजगडाहून प्रतापगडी गेले आणि खानाला वाईच्या मोकळ्या मुलखातून त्या रानात यावे लागले. १० हजार असोत वा १२, ते कोठे लढणार हे महाराजांनी ठरवले. हे शहाणपण कोणत्याही बेरजेत दिसत नाही.

९/ संकट किती मोठे होते, याचे माप दुसरीकडे सापडते. भोरजवळच्या कारीचे देशमुख कान्होजी जेधे यांना अली आदिलशहाने १६ जून १६५९ रोजी फर्मान धाडले : खानाला सामील व्हा. न ऐकावे तर पिढ्यान्‌पिढ्यांचे वतन जाणार. जेधे करीन्यात नोंद आहे की कान्होजी पाच मुलांसह महाराजांकडे आले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले.

१०/ त्याच खोऱ्यात, भोरलगतच्या उत्रौलीचे खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. विजयानंतर ते हाती लागले. कान्होजींनी रदबदली केल्याने प्राण वाचले, तरी एक हात व एक पाय गमवावा लागला. दोन शेजारी देशमुख, समोर एकच फौज, आणि दोन उलट निर्णय. १० नोव्हेंबर १६५९ पूर्वी कोणाचा निर्णय फळेल, हे दोघांनाही ठाऊक नव्हते.

११/ तेव्हा पुढच्या वेळी शत्रूच्या फौजेचा आकडा दिसला की तीन गोष्टी तपासा : तो कधी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि त्यात कोण कोण मोजले आहे. खान १० हजारांनिशी आला होता असे मानले, तरी कान्होजींनी पणाला लावलेल्या वतनातील एक बिघाही कमी होत नाही.