मोरसवालीच्या नवऱ्याची नोंद

माझ्या नानीचं माहेर राजापूर तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या मोहल्ल्यातलं. तिथे एका बाईची आठवण फक्त एका शब्दाने निघायची, 'मोरसवाली'. तिचं खरं नाव नानीलाही ठाऊक नव्हतं. नवरा लग्नानंतर थोड्याच दिवसांत मुंबईला गेला, तिथून जहाजात बसून मोरसला. पुढे त्याचं पत्र नाही की निरोप नाही. बाईने इद्दत पाळली नाही, दुसरा निकाह केला नाही. दिराच्या घरात राबत म्हातारी झाली आणि गेली. नानीने हे आपल्या दादीकडून ऐकलं होतं, म्हणजे गोष्ट १८६० च्या आसपासची असावी.

मोरस म्हणजे मॉरिशस. आपल्याकडे तिथून येणाऱ्या साखरेला मोरस साखर म्हणत. ती साखर पिकवायला गेलेल्या कोकणातल्या माणसांचं मात्र घरच्यांनाही नीट माहीत नसे.

पुण्यात शिकायला आलेल्या मॉरिशसच्या एका मराठी मुलीशी ओळख झाली आणि ही जुनी गोष्ट पुन्हा वर आली. तिने आपल्या पूर्वजाच्या नोंदीची प्रत दाखवली. नंबर, वय, बापाचं नाव, जात, जिल्हा, गाव, जहाज, कोणत्या मळ्यावर पाठवलं, सगळं एका ओळीत. आणि शेवटच्या रकान्यात वेगळ्या शाईत मृत्यूची तारीख. मी ती तारीख बराच वेळ बघत राहिलो. आमच्या मोरसवालीच्या नवऱ्याचीही अशी एक तारीख कुठल्या तरी कागदावर असणार. तो कागद बाईच्या हयातीत तिच्यापर्यंत पोचला असता तर?

हा प्रश्न भावनेपुरता नाही. बेपत्ता माणसाला फिक्हमध्ये 'मफ़कूद' म्हणतात. हनफी परंपरेत त्याच्या बरोबरीचे लोक हयात असेपर्यंत तो जिवंत धरला जाई, साधारण जन्मापासून नव्वद वर्षं. कोकणी मुसलमान शाफई. त्या मस्लकात प्रचलित मत असं की, नवऱ्याच्या मृत्यूची खात्री झाल्याशिवाय बाईने थांबावं. मालिकी मत चार वर्षांचं आहे, आणि त्याच्याच आधारे १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात पहिलं कारण आलं: चार वर्षं नवऱ्याचा ठावठिकाणा नसेल तर बाई फारकत मागू शकते. त्याआधी १८७२ च्या पुरावा कायद्याने सात वर्षांचं गृहीतक आणलं होतं, पण खाडीकाठच्या बाईला कोर्ट कुठलं? मोरसवाली त्याच्याही आधीची. तिला खात्री हवी होती आणि ती खात्री हिंद महासागरातल्या एका बेटावर नोंदवहीत पडून होती.

त्या नोंदवह्या का ठेवल्या गेल्या, हे समजून घेतलं पाहिजे. १८१० साली इंग्रजांनी हे बेट फ्रेंचांकडून घेतलं, फ्रेंच कायदे मात्र बऱ्याच अंशी तसेच राहिले. त्यातून नागरी नोंदणीची पद्धत टिकली: जन्म, लग्न, मृत्यू जिल्ह्याच्या नोंदणी कचेरीत लिहिले जात. पुढे गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांना माणसं कमी पडू लागली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून कलकत्त्याहून ३६ जण उतरले. हा करारी मजुरीचा आरंभ. पुढच्या काळात साडेचार लाखांहून जास्त हिंदी माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. तोच आजचा आप्रवासी घाट, १८४९ पासूनचा, २००६ पासून जागतिक वारसा. मुंबई बंदरातून गेलेले त्यात थोडे. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासचे. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये, आणि एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांचा पगार कापायचा.

प्रत्येकाला नंबर मिळे. १८६० च्या दशकात तिकिटावर फोटोही आला. १८६७ च्या कायद्यानंतर तिकीट जवळ नसेल तर भटक्या ठरवून पकडत. माणूस कोणत्या मालकाचा, पळाला की आहे, परत गेला की मेला, हे कळायला वही होती. मेला हा त्या हिशेबातला एक शेरा. घरच्यांना कळवणं हा काही त्या वहीचा उद्देश नव्हता. निदान आमच्या मोहल्ल्यात तरी काही पोचलं नाही.

त्याच सुमाराला, १८६६ ते १८६८ या वर्षांत, बेटावर हिवतापाची भयंकर साथ आली आणि हजारो माणसं गेली. त्या तापाचा डास शोधून काढणारे रोनाल्ड रॉस १९०७ साली सरकारी बोलावण्यावरून तिथे गेले होते. आमचा माणूस त्या साथीत गेला असेल, मळ्यावर गेला असेल किंवा तिथे दुसरा संसार थाटून म्हातारा होऊनही गेला असेल.

या वह्या आता मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. मॉरिशसच्या माणसाला शोध सोपा पडतो, कारण तो आपल्यापासून मागे जातो. आधी आईबापांचे दाखले, मग आजोबांचे, असं करत सिव्हिल स्टेटस कचेरीतून एकेक नोंद काढायची. पहिल्या पिढीच्या लग्नाच्या किंवा मृत्यूच्या नोंदीवर पूर्वजाचा नंबर सापडतो, आणि तो नंबर घेऊन मोकाला गेलं की मूळ पान हाती येतं. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसमधल्या सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशजांना ओसीआय कार्ड मिळण्याची तरतूद जाहीर केली, तेव्हापासून या साखळीला आणखी मोल आलं.

आपल्याला इथून उलटं जावं लागतं. आपल्याकडे नाव असतं, नंबर नसतो. आणि नाव म्हणजे काय? कोकणी बोलणाऱ्या माणसाने सांगितलेलं, कारकुनाने ऐकलेलं, इंग्रजीत लिहिलेलं आणि बेटावर फ्रेंच कानाने पुन्हा नोंदलेलं. रत्नागिरीचं रुतनागेरी होतं, गावाचं तर ओळखू न येण्यासारखं काहीही. आडनाव बहुतेकदा गायब. त्यात आमच्या माणसाचं नाव इतकं सर्रास की प्रत्येक जहाजात एक तरी असेल. म्हणून अर्ज करताना नाव एकटं देऊन उपयोग नाही. बापाचं नाव, अंदाजे साल, चढल्याचं बंदर, अंदाजे वय, आणि गावाच्या नावाचे सुचतील तितके उच्चार लिहून द्यावेत. मी गावाचे सात उच्चार लिहिले.

आणखी एक अडचण आहे, ती आमच्यासारख्यांचीच. मॉरिशसमध्ये मराठी म्हटलं की हिंदू मराठी, गणेशोत्सव, मराठी मंडळी. मुसलमान तिथे मुसलमान म्हणूनच मोजला गेला. पुढे त्यांच्यात उर्दू ही पूर्वजांची भाषा मानली गेली, आणि १९८३ च्या जनगणनेत तर अनेकांनी पूर्वजांची भाषा अरबी लिहिली. कोकणातून गेलेल्या मुसलमानाचं मराठीपण या कोणत्याच रकान्यात मावत नाही. तेव्हा त्याला मराठी लोकांत शोधू नका. जातीच्या रकान्यात 'मुसलमान' आणि जिल्ह्याच्या रकान्यात रत्नागिरी, असा शोध घ्या. इथे पुण्यातही मला 'तुम्ही इतकं चांगलं मराठी कसं बोलता' असं विचारणारे भेटतात. त्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही.

या व्यवस्थेविरुद्ध सर्वात ठाम आवाज पुण्यातूनच गेला, हे आपण विसरतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी २५ फेब्रुवारी १९१० रोजी कलकत्त्याच्या कायदेमंडळात नाताळला मजूर पाठवणं थांबवण्याचा ठराव मांडला. त्याच चर्चेत तरुण बॅरिस्टर जिनांनी 'क्रूर' हा शब्द वापरला म्हणून व्हाइसरॉय मिंटोंनी त्यांना टोकलं होतं. ४ मार्च १९१२ ला गोखल्यांनी संपूर्ण करारी मजुरीच बंद करण्याचा ठराव आणला, तो फेटाळला गेला. त्यांच्या त्या भाषणात मळ्यांवरच्या आत्महत्यांचाही मुद्दा होता. आत्महत्या मोजता आल्या, कारण मृत्यूंच्या नोंदी होत्या. पाळत ठेवायला केलेला कागद इथे आरोपपत्र म्हणून वापरला गेला. मॉरिशसला मजुरांची रवानगी १९१० मध्येच थांबली होती, बाकी वसाहतींसाठी आणखी काही वर्षं गेली.

माझ्या अर्जाला उत्तर आलं. सांगितलेल्या वर्षांत त्या नावाचे, मुंबईहून चढलेले तिघे आहेत. एकाच्या बापाचं नाव जुळतं, पण जिल्हा दुसरा. एकाचा जिल्हा जुळतो, बापाचं नाव नाही. तिसऱ्याच्या पानावर दोन्ही पुसट. तिघांच्याही नावापुढे मृत्यूची तारीख आहे. कोणती आपली म्हणायची? मी एकही उचलली नाही. वंशावळ पुरी व्हावी म्हणून दुसऱ्याच्या घरातला मयत आपल्या घरात आणणं मला पटत नाही.

मग मी बाईचा शोध घेतला. गावपातळीवर जन्ममृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये होई, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. कुणबी नोंदींच्या शोधामुळे २०२३ पासून हा शब्द घरोघर पोचला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. ज्या कचेरीत मी गेलो तिथे आमच्या गावची काही वर्षांची पुस्तकं होती. हवी ती नव्हती. वाळवी, पाऊस, स्थलांतर, कारणं तीच ऐकायला मिळाली. होती त्या पुस्तकांतही अनेक ठिकाणी बायकांची नावं नाहीत, अमक्याची बायको, अमक्याची आई एवढंच. मोडी वाचून देणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, 'बाईंचं नाव काय शोधायचं?' माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उशिरा नोंद करून घ्यावी म्हटलं, तर आता ते वाटतं तितकं साधं राहिलेलं नाही. १९६९ च्या कायद्यात २०२३ ला बदल झाले. एका वर्षानंतरच्या नोंदीसाठी जिल्हाधिकारी, प्रांत किंवा अधिकार दिलेल्या दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. २०२५ च्या सुरुवातीला मालेगाव-अकोल्याच्या गदारोळात महाराष्ट्रात उशिराचे दाखले देणं काही काळ थांबलं आणि नंतर नियम आणखी कडक झाले. दीडशे वर्षांपूर्वीच्या बाईसाठी अर्ज घेऊन मी गेलो तर लोक हसतील, हे मला कळतं. पण माझ्या ओळखीत अशी माणसं आहेत ज्यांच्या दादा-दादीच्या मृत्यूची कुठेच नोंद नाही, आणि त्यांना हसू येत नाही. कब्रस्तानाच्या वहीत नाव असलं तर नशीब, म्हणून पुण्यातल्या जमातवाल्यांना माझी विनंती असते: दफनाची वही जपा, तिचे फोटो काढून ठेवा, बाईचं नाव बापाच्या नावासकट लिहा.

अम्मीला मी तिन्ही तारखा सांगितल्या. तिने कॅलेंडरवर तिन्हींना पेन्सिलीने खूण केली आणि म्हणाली, तिघांच्याही नावाने फातिहा पढू. मग थोडं थांबून तिने विचारलं, 'आणि ती? तिची कोणत्या दिवशी?'