इंजिनाचा जुना रंग कोणता?

मिरजेहून कोल्हापूरला येणारा लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला. लांबी २९ मैल, म्हणजे सुमारे ४७ किलोमीटर. दोन रुळांमधील अंतर एक मीटर. या कामाचा प्रारंभ १८८८ साली शाहू महाराजांच्या हस्ते झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे तेरा वर्षांचे होते आणि राज्यकारभाराची सूत्रे त्यांच्या हाती यायला अजून सहा वर्षे होती. मार्ग कोल्हापूर संस्थानाचा, पण त्यावर गाड्या चालवण्याचे काम सदर्न मराठा रेल्वे या कंपनीकडे होते.

समजा, त्या काळचे एखादे मीटर गेज इंजिन शहरात चौथऱ्यावर उभे करायचे ठरले आणि त्याला त्याचा 'मूळ' रंग द्यायचा असेही ठरले. कोणता रंग द्यावा? वर्गात हा प्रश्न जरूर विचारून पाहावा. 'काळा' असे उत्तर चटकन येईल. वाफेचे इंजिन म्हणजे काळे, हे आपल्या मनात पक्के बसलेले आहे. स्वातंत्र्यानंतरच्या काळात मालगाड्यांची बहुतेक इंजिने काळी होतीच आणि जी नव्हती ती कोळशाच्या धुराने व तेलाने काळी दिसत. पण ऐंशी वर्षे रुळांवर राहिलेल्या इंजिनाला एकच रंग कसा असेल?

रेल्वेची आवड असणारी मंडळी जगभर आहेत आणि जुने इंजिन नव्याने रंगवले की त्यांच्यात हमखास वाद होतो. इंग्लंडमधील 'फ्लाइंग स्कॉट्समन'चे उदाहरण पाहण्यासारखे आहे. हे इंजिन १९२३ साली डॉनकॅस्टरच्या कारखान्यात तयार झाले. ताशी १०० मैलांचा वेग अधिकृतरीत्या नोंदवणारे पहिले वाफेचे इंजिन म्हणून १९३४ साली त्याचे नाव झाले. तेव्हा ते कोवळ्या सफरचंदासारखे हिरवे होते. दुसऱ्या महायुद्धात त्याला काळा रंग दिला गेला, राष्ट्रीयीकरणानंतर काही काळ निळा आणि मग गडद हिरवा. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने दीर्घ दुरुस्तीनंतर फेब्रुवारी २०१६ मध्ये ते पुन्हा रुळांवर आणले, ते या गडद हिरव्या रंगात. अनेक चाहते हळहळले. त्यांच्या लेखी स्कॉट्समन म्हणजे सफरचंदी हिरवे. संग्रहालयाचे म्हणणे मात्र वेगळे होते. या इंजिनाला १९५९ साली दुहेरी धुराडे बसवले गेले आणि १९६१ साली धूर वर ढकलणारे दोन बाजूंचे पत्रे. हे दोन्ही भाग आजही त्यावर आहेत. रेल्वेच्या नियमित सेवेत असताना हे भाग आणि तो फिका हिरवा रंग कधीच एकत्र नव्हते. १९६३ साली ते सेवेतून निवृत्त झाले, ते गडद हिरव्या रंगातच.

आम्हाला या वादात दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक वाटतात. चाहते आठवणीशी इमान राखू पाहत होते, संग्रहालय यंत्राच्या रचनेशी. मात्र 'ऐतिहासिक' हा शब्द वापरायचा असेल तर आम्ही संग्रहालयाच्या बाजूचे.

आता आपल्याकडे येऊ. पुण्यापर्यंत मीटर गेज होते तोवर कोल्हापूरच्या प्रवाशाला मुंबईसाठी पुण्यात गाडी बदलावी लागे आणि तेथे ब्रॉड गेजवर उभी असणारी सर्वांत रुबाबदार गाडी म्हणजे 'दख्खनची राणी'. ही गाडी १ जून १९३० रोजी सुरू झाली. तिचा वाढदिवस प्रवासी आजही हौसेने साजरा करतात. तिचा निळा-दुधी रंग हाच मूळचा, असे म्हणणारे अनेक जण भेटतात. प्रत्यक्षात सुरुवातीला सात-सात डब्यांचे दोन संच होते. एक रुपेरी, त्यावर लालभडक पट्ट्या. दुसरा गर्द निळा, त्यावर सोनेरी रेषा. डब्यांचे सांगाडे इंग्लंडमध्ये बनले होते आणि वरची बांधणी माटुंग्याच्या कारखान्यात झाली होती. जून २०२२ मध्ये नव्या बनावटीचे डबे आले तेव्हा हिरव्या-लाल रंगाची योजना निवडली गेली आणि 'राणीचा खरा रंग कोणता' ही चर्चा पुन्हा रंगली. १९३० च्या रंगाची ओढ असणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या रुपेरी आणि निळ्या डब्यांत तिसरा वर्गच नव्हता. तो आला १९५५ साली. म्हणजे जो रंग आपण हौसेने परत आणू, तो सामान्य माणसाने बहुधा फलाटावरूनच पाहिलेला रंग आहे.

जुना रंग शोधायचा कसा? पहिला मार्ग कागदपत्रांचा. तो सोपा वाटतो, पण तेथे शब्द दगा देतात. लंडन ते ब्रायटन मार्गावरील रेल्वे कंपनीचे मुख्य यंत्र अभियंता विल्यम स्ट्राउडली यांनी १८७० नंतर आपल्या इंजिनांना जो रंग दिला त्याचे नाव होते 'सुधारित इंजिन हिरवा'. हा रंग हळदीकडे झुकणारा सोनेरी पिवळा आहे! स्ट्राउडली रंगांध होते अशी दंतकथाही त्यावरून रूढ झाली. त्यांचे 'ग्लॅडस्टन' हे १८८२ चे इंजिन हौशी मंडळींच्या एका संस्थेने १९२७ साली विकत घेऊन जतन केले. खासगी संस्थेने इंजिन वाचवल्याचे हे फार लवकरचे उदाहरण. आज ते यॉर्कला त्याच पिवळ्या रंगात उभे आहे. केवळ नावावर विसंबून कोणी ते रंगवले असते तर ते हिरवे झाले असते. आपल्याकडेही 'अंजिरी' किंवा 'मोरपंखी' म्हणजे नेमके काय, हे साड्यांच्या दोन दुकानांत विचारून पाहावे. म्हणूनच पुढे रंगांना क्रमांक देण्याची पद्धत आली. ब्रिटनमध्ये असे प्रमाणित रंगपत्रक १९३० च्या सुमारास निघाले. भारतीय मानकांतही रंगलेपांसाठी 'आयएस ५' हे क्रमांकित रंगपत्रक आहे. त्यापूर्वीच्या इंजिनांबाबत मात्र कारागिराचा डोळा हेच प्रमाण.

दुसरा मार्ग छायाचित्रांचा, आणि येथे विज्ञानशिक्षकाला भरपूर वाव आहे. सुरुवातीच्या छायाचित्र-काचांवरील रसायन फक्त निळ्या व जांभळ्या प्रकाशाला दाद देत असे. हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला १८७३ साली असे आढळले की रसायनात विशिष्ट रंगद्रव्य मिसळले तर ते हिरव्या-पिवळ्या प्रकाशालाही प्रतिसाद देते. तरीही लाल प्रकाश तिला 'दिसत' नसे. सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या काचा विसाव्या शतकाच्या आरंभी बाजारात आल्या आणि त्यांचा वापर सार्वत्रिक व्हायला आणखी वीसेक वर्षे गेली. परिणाम असा की जुन्या चित्रात लाल इंजिन काळे दिसते आणि निळे इंजिन फिके. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी मूकपट काढले त्या काळच्या नेहमीच्या फिल्मचीही हीच तऱ्हा होती. नायिकेचे लाल कुंकू पडद्यावर काळेच दिसायचे.

हे वर्गात सहज दाखवता येते. गर्द निळा जिलेटिन कागद डोळ्यांसमोर धरून एका ताटलीतील कुंकू, हळद आणि नीळ पाहावी. कुंकू काळे पडते, हळदही अंधारते आणि नीळ उजळ दिसते. आता 'राणी'च्या पहिल्या दोन संचांचे कृष्णधवल चित्र जुन्या फिल्मवर कसे येईल, हे विद्यार्थ्यांना आधी तर्काने सांगू द्यावे. रुपेरी डब्यावरची लाल पट्टी काळी येईल. गर्द निळा डबा मात्र प्रत्यक्षापेक्षा फिका वाटेल आणि त्यावरच्या सोनेरी रेषा उठून दिसणार नाहीत.

आणखी एक गंमत. कारखान्यातून नवे इंजिन बाहेर पडताना त्याचे अधिकृत छायाचित्र काढण्याचा प्रघात होता. चकचकीत रंगावर उजेड चमकतो आणि बारीक भाग दिसत नाहीत, म्हणून केवळ छायाचित्रापुरता इंजिनाला निस्तेज करडा रंग देत. चित्र निघाले की खरा रंग चढे. त्यामुळे सर्वांत स्वच्छ, सर्वांत तपशीलवार चित्र हेच रंगाच्या बाबतीत सर्वांत निरुपयोगी ठरते. अलीकडे जुनी चित्रे संगणकाकडून रंगवून घेण्याची टूम आहे. दिसायला छान, पण करड्या छटेत नसलेली माहिती संगणक कोठून आणणार? तो शिकवलेल्या चित्रांवरून अंदाज बांधतो. ते पुरावा म्हणून कोणी पुढे केले तर आपण नम्रपणे नकार द्यावा.

तिसरा मार्ग खुद्द इंजिनाचाच. प्रत्येक मोठ्या दुरुस्तीत नवा थर चढतो आणि नावाच्या पाटीखाली किंवा अडचणीच्या कोपऱ्यात जुने थर शिल्लक राहतात. तेथे बारीक घासत गेले की झाडाच्या वर्तुळांसारखी रंगाची वलये दिसू लागतात. कणभर तुकडा राळेत बसवून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर प्राथमिक थर, रंग आणि व्हार्निश वेगवेगळे ओळखता येतात. पण सापडलेली छटा तशीच उचलायची नाही. जुन्या रंगात जवसाचे तेल असे. ते वयाबरोबर पिवळे पडते, म्हणून निळा थर हिरवट वाटतो. पांढऱ्या रंगातील शिशाच्या कार्बोनेटवर हवेतील हायड्रोजन सल्फाइडची क्रिया होऊन काळे लेड सल्फाइड बनते. हिरवा रंग बहुधा प्रशियन निळा आणि शिशाचे पिवळे क्रोमेट यांचे मिश्रण असे. त्यातील एक घटक आधी बदलला की छटा सरकते. शिवाय दुरुस्तीत एका इंजिनाचा बॉयलर दुसऱ्यावर चढवण्याची सर्रास पद्धत होती. मग बॉयलरवरचा जुना थर कोणत्या इंजिनाचा म्हणायचा? (एक सूचना: या रंगांत शिसे असते. शाळेने कोठे जुने इंजिन पाहिले तर विद्यार्थ्यांना ते खरवडू देऊ नये.)

रंग कधी कधी सजावटीपेक्षा अधिक काही सांगतो, हेही विसरता कामा नये. आपल्या गाड्यांचे डबे दीर्घकाळ तांबूस तपकिरी होते. १९९० नंतरच्या दशकात ते निळे होऊ लागले, कारण निर्वात ब्रेकऐवजी हवेच्या दाबाचे ब्रेक आले आणि दोन्ही प्रकारचे डबे कर्मचाऱ्यांना दुरून ओळखता यायला हवे होते. अशा निळ्या डब्याला उद्या कोणी हौसेने तपकिरी रंग दिला, तर जाणकाराच्या दृष्टीने त्याने डब्याचा ब्रेकच बदलला.

आता पुन्हा कोल्हापूरच्या चौथऱ्याकडे. या मार्गावर गाड्या चालवणारे अनेकदा बदलले. सदर्न मराठा कंपनी १९०८ साली मद्रास रेल्वेत मिसळली आणि मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. १९५१ साली दक्षिण रेल्वे आली, १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वे. १९७१ च्या सुमारास मार्ग ब्रॉड गेज झाला आणि मीटर गेज इंजिनांचे येथले काम संपले. आता हा मार्ग मध्य रेल्वेकडे आहे आणि त्याचे विद्युतीकरणही झाले आहे. म्हणून 'मूळ रंग' असे म्हणणाऱ्याला आधी साल विचारावे. १८९१ म्हटले तर त्या सालानंतर बसवलेला प्रत्येक भाग उतरवावा लागेल. १९६० म्हटले तर धुराने माखलेले इंजिन ज्यांनी पाहिले ते आजी-आजोबा अजून आपल्यात आहेत आणि त्यांची साक्ष नोंदवण्याचे काम नववीच्या विद्यार्थ्यांनाही करता येईल. मात्र रंगाची नावे विचारू नयेत. रंगपत्रक समोर ठेवून बोट दाखवायला सांगावे.

एखादा विद्यार्थी भगवा रंग आणि संस्थानची मुद्रा सुचवेल. रेल्वे महाराजांची होती ना, असे तो म्हणेल. त्याला हसू नये. लोहमार्ग कोणाचा आणि त्यावर धावणारे इंजिन कोणाचे, हे दोन प्रश्न त्याच्यापुढे वेगवेगळे मांडावेत आणि इंजिनाच्या बाजूवर कोणाची आद्याक्षरे लिहायची, हे त्यालाच ठरवू द्यावे.