साष्टीचे ख्रिस्ती आणि राजसत्ता



बोरिवली आणि दहिसर यांच्यामध्ये, रेल्वेच्या पश्चिमेस, मंडपेश्वराची लेणी आहेत. आत शिवाच्या जुन्या मूर्ती आहेत. त्याच लेण्यात एका भिंतीवर दगडात कोरलेला क्रूस दिसतो, आणि लेण्याच्या माथ्यावर पोर्तुगीज काळातील मठाच्या भिंती अजून उभ्या आहेत. खडक एक, पण त्यावर दोन धर्मांची आणि निदान तीन राजवटींची निशाणी उमटलेली आहे. आजच्या विषयाचे सारे सूत्र मला या एका खडकात दिसते.

आपल्या उपनगरांत वाढलेल्या पुष्कळ लोकांच्या मनात एक प्रश्न असतो. तो उघड विचारला जात नाही, पण मनात असतो. ख्रिस्ती धर्म येथे परक्या राज्यकर्त्यांबरोबर आला. मग राज्यकर्ते गेल्यावर तो का राहिला? जो राहिला तो कोणाचा? या प्रश्नाला रागाने किंवा भिडेने उत्तर देण्यापेक्षा इतिहासालाच विचारलेले बरे.

आपण ज्या भूमीवर बसलो आहोत तिचे जुने नाव साष्टी, म्हणजे सहासष्ट गावांचे बेट. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याखालचा हा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यांच्यामागोमाग फ्रान्सिस्कन संन्यासी आले, नंतर जेझुइट आले. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. हे धर्मगुरू केवळ धर्मगुरू नव्हते. पोपने पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चचे आश्रयदातेपण दिले होते. त्याला ‘पाद्रोआदो’ म्हणत. या व्यवस्थेने राजावर एक जबाबदारी टाकली आणि त्याच्या हाती एक अधिकार दिला. धर्मगुरूंना जहाजाने आणावे, त्यांना वेतन द्यावे, चर्चे बांधावीत ही जबाबदारी. बिशप म्हणून कोणाला नेमावे त्याचे नाव सुचवावे हा अधिकार. म्हणजे वेदीपुढे उभा राहणारा मनुष्य राजाच्या खजिन्यातून पगार घेत होता.

जेथे धर्माच्या हाती राजदंड येतो तेथे काय होते, ते येथेही झाले. देवळे पाडली गेली, त्यांची उत्पन्ने चर्चकडे वळली, हिंदूंच्या उघड धर्मकृत्यांवर बंधने आली. पितृहीन झालेल्या हिंदू मुलांना ख्रिस्ती संस्थांच्या स्वाधीन करावे असा हुकूम १५५९ साली पोर्तुगालहून सुटला. गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय बसले आणि त्याचा हात वसईपर्यंत पोचत होता. मंडपेश्वराच्या शिवालयाचे चर्च झाले ते याच सुमाराचे. हे सर्व घडले, आणि ते झाकण्यात कोणाचेच हित नाही. काही लोक श्रद्धेने ख्रिस्ती झाले, काही सोयीने, काही भयाने. आज कोणत्याही घराण्याविषयी तो निवाडा करणे शक्य नाही आणि योग्यही नाही.

पुढे दोनशे वर्षांनी खरी कसोटी आली. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे व साष्टी घेतली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. वसईच्या चर्चांतील घंटा हत्तींवर आणि गाड्यांवर घालून देशावर गेल्या असतील. त्यांतील एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आजही टांगलेली आहे, दुसरी भीमाशंकरी आहे. गोरे पाद्री बहुतेक निघून गेले. वेतन देणारा राजा राहिला नाही, संरक्षण करणारी शिबंदी राहिली नाही. जे केवळ राजाश्रयावर उभे असते ते अशा वेळी कोसळते. पण येथे तसे झाले नाही. तहाच्या वेळी मागे राहणाऱ्या ख्रिस्त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली, हे मराठ्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. आणि लोकांनी त्या मोकळिकेचा उपयोग करून आपला धर्म पाळला, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. गोव्याकडचे देशी धर्मगुरू या गावांतून राहिले आणि त्यांनी निम्म्याशिम्म्या पडक्या चर्चांतून उपासना चालू ठेवली.

हे कशाच्या बळावर झाले? माझे उत्तर असे की तोपर्यंत तो धर्म घरात शिरला होता आणि मराठी बोलू लागला होता. १६५९ सालचे फ्रान्सिस्को वाझ द गिमारांइश यांचे पुराण, म्हणजे ख्रिस्ताच्या दुःखसहनाची मराठी कथा, साष्टीच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या गायले गेले. चर्चला येथले जुने लोक ‘देऊळ’च म्हणत आले. लग्नाआधी ‘उंबराचे पाणी’ आणण्याचा विधी राहिला. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेण्याचा ‘आगेरा’ राहिला. राजाने नेमलेला धर्म कागदावर राहतो. शेताच्या बांधावर आलेला धर्म टिकतो.

राजसत्तेने मात्र आपला हक्क सहजी सोडला नाही. मुंबई बेट इंग्रजांना मिळाले ते १६६१ च्या विवाहाच्या तहाने, आणि त्या तहात कॅथलिक धर्म पाळण्याची मुभा राखलेली होती. परंतु आपल्या बेटावरचे पाद्री शेजारच्या पोर्तुगालच्या राजाशी निष्ठ असावेत हे कंपनी सरकारला खुपू लागले. १७२० साली त्यांनी त्या पाद्र्यांना बाहेर काढले आणि थेट रोमच्या हुकमतीखालील कार्मेलाइट संन्याशांना बोलावले. पुढे १७९४ साली तडजोड म्हणून चर्चांची वाटणीच झाली: काही गोव्याच्या अधिकाराखाली, काही रोमच्या. श्रद्धा एक, उपासना एक, पण एकाच शहरात दोन अंमल. १८५३ साली माहीमच्या सेंट मायकेल चर्चच्या ताब्यावरून वाद एवढा पेटला की रोमच्या बाजूचे बिशप हार्टमन आत आणि विरोधी पक्षाचा वेढा बाहेर, असा प्रसंग ओढवला. शेवटी सरकारी अधिकाऱ्यांना मध्ये पडावे लागले. भांडण देवाविषयी नव्हते. बिशप नेमण्याचा हक्क कोणाचा, याविषयी होते.

हा दुहेरी अंमल १९२८ पर्यंत चालला. त्या वर्षी रोम आणि पोर्तुगाल यांच्यात करार होऊन मुंबईचे एकच धर्मपीठ झाले. पण त्यातही आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असावा असे ठरले. दोन परक्या सत्तांनी आपापली पाळी लावून घेतली, आणि ज्यांचे चर्च त्यांची पाळी कोठेच नव्हती! १९५० साली ही व्यवस्था संपली. आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्‌स यांनी आपण होऊन जागा मोकळी केली आणि व्हॅलेरियन ग्रेशस हे भारतीय त्या पीठावर आले. १९५३ साली ते भारताचे पहिले कार्डिनल झाले. साष्टीतील पोर्तुगीज राज्य १७३९ ला संपले, पण त्याच्या एका हक्काची सावली आणखी दोनशे अकरा वर्षे रेंगाळली.

आता दुसरी बाजू पाहू. सत्तेने धर्माकडे हात लांबवला तसे लोकांनीही सत्तेकडे पाहिले. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, या भूमीतील ख्रिस्त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण करून आपली सभा स्थापन केली. गोव्याकडून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्त्यांपासून आपण निराळे, कंपनीच्या अमलातील सर्वांत जुने प्रजाजन, हे सरकारला सांगण्याचा हेतू त्यात होता. नाव इंग्रजी, बोली मराठी. यात कोणी हसण्यासारखे काही नाही. त्या काळी सर्वच समाज सरकारदरबारी अर्ज करीत होते.

पण त्याच समाजातून जोसेफ बॅप्टिस्टा निघाले. त्यांचे घराणे उत्तनचे, जन्म १८६४ साली माझगावच्या माथारपाखाडीचा. केंब्रिजला शिकून ते बॅरिस्टर झाले आणि लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी बनले. १९१६ साली बेळगावला टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली तेव्हा तिचे अध्यक्षपद या श्रद्धावान कॅथलिक गृहस्थाला मिळाले. पुढे ते कामगार चळवळीत शिरले, १९२५ साली मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले, आणि लोक त्यांना प्रेमाने ‘काका’ म्हणू लागले. टिळकांना बॅप्टिस्टांचा धर्म आड आला नाही आणि बॅप्टिस्टांना टिळकांचा. ज्या धर्माचा रक्षक एकेकाळी परका राजा होता, त्या धर्माचा मनुष्य आता स्वराज्य मागत होता. याहून मोठे उत्तर मघाच्या प्रश्नाला कोणते असू शकेल?

घटना समितीत १९४९ साली धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागांचा प्रश्न आला, तेव्हा तेथील ख्रिस्ती नेत्यांनी त्या जागांचा आग्रह धरला नाही. संरक्षण मागण्याऐवजी त्यांनी शेजाऱ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला. असा विश्वास ठेवणाऱ्याइतकीच जबाबदारी ज्यांच्यावर तो ठेवला त्यांचीही असते, हे आपण बहुसंख्यांनी विसरता कामा नये. राज्याने एका धर्माच्या हाती राजदंड दिला म्हणजे काय होते, हे याच साष्टीने दोनशे वर्षे पाहिलेले आहे. तो अनुभव एकाच धर्मापुरता खरा आहे असे समजण्याचे कारण नाही.

अंधेरीच्या पूर्वेला, निर्यात कारखान्यांच्या आवारात, कोंडिविट्याचे जुने चर्च पडीक उभे आहे. १५७९ साली जेझुइटांनी ते बांधले. १८४० साली साथ आली, तेव्हा लोकांनी ते सोडले आणि मरोळला जाऊन नवे देऊळ उभारले. जुन्या भिंतींवर छप्पर राहिले नाही. तरीही दरवर्षी मे महिन्यात गावकरी तेथे जमतात आणि उघड्या आभाळाखाली उपासना करतात. बांधणारे राज्य गेले, छप्पर गेले, भोवतालची शेतेही गेली. माणसे मात्र येतात. त्यांना कोणी हुकूम केलेला नाही, आणि म्हणूनच ती येतात.